थ्रॉटल कंट्रोलर बसवण्याआधी गाडी नेमकी कुठे अडते ते बघा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. तुमच्याकडे १ लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची, ६ गिअरची टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक गाडी आहे. सिग्नलवरून निघताना, आणि मुंबईहून नाशिकला परतताना कसारा घाटात ओव्हरटेकला पाय दिला की गाडी ‘क्षणभर विचार करते आणि मग उठते’. धाकट्या भावाकडे १.५ लिटर डिझेल मॅन्युअल आहे. त्याचीही तक्रार तीच, फक्त तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये. अॅक्सेसरीवाल्याने दोन्ही गाड्यांना थ्रॉटल कंट्रोलर सुचवलाय. पेडलच्या कपलरमध्ये (वायरीच्या जोडात) जोडायचा छोटा डबा, त्याला पाच-सात मोड, मोबाइलवर अॅप. दहा मिनिटांत बसतो, पिकअप वाढतो, इंजिनला हात लागत नाही. बसवावा का, आणि दोन्ही गाड्यांना बसवावा का?

मी पुण्यात चोवीस वर्षं गॅरेज चालवतो. त्यातली गेली पंधरा वर्षं मुख्यतः वायरिंग आणि स्कॅनिंगचं काम करतो. असे डबे मी बसवलेत आणि गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून काढलेतही. तुमच्या दोन गाड्यांसाठी माझं उत्तर वेगवेगळं आहे. पण आधी हा डबा करतो काय ते समजून घ्या, म्हणजे निम्मा निर्णय तुमचा तुम्हालाच घेता येईल.

मारुती ८००च्या कार्ब्युरेटरच्या दिवसांत पेडलपासून इंजिनपर्यंत स्टीलची केबल असायची. केबलला ढील आली की पेडल पहिलं बोटभर नुसतंच खाली जायचं आणि गिऱ्हाईक म्हणायचं, ‘पिकअप गेला.’ आम्ही पाना घेऊन केबलच्या टोकाचे दोन नट फिरवायचो, ढील काढायचो, आणि गाडी एकदम हलकी वाटायला लागायची. इंजिनात काडीचाही बदल झालेला नसायचा. पायाने मागितलेलं इंजिनपर्यंत लवकर पोहोचायला लागायचं, एवढंच. थ्रॉटल कंट्रोलरची अर्धी गोष्ट याच दोन नटांची आहे.

आता केबल गेली. १९८७ च्या सुमारास बीएमडब्ल्यूने आपल्या बारा सिलिंडरच्या ७५० मॉडेलमध्ये केबलऐवजी वायर आणली, आणि पुढे ती पद्धत सगळीकडे रुळली. तुमच्या दोन्ही गाड्यांत पेडलच्या वर एक सेन्सर आहे आणि त्याच्या कपलरमध्ये बहुधा सहा पिना आहेत: दोन ५ व्होल्टच्या सप्लाय, दोन अर्थ आणि दोन सिग्नल. दोन सिग्नल मुद्दाम दिलेत, म्हणजे एक खोटं बोलला तर दुसऱ्यावरून पकडता यावा. बऱ्याच गाड्यांत एक सिग्नल दुसऱ्याच्या बरोबर दुप्पट असतो. पाय सोडलेला असताना पहिल्यावर साधारण ०.७५ व्होल्ट, दुसऱ्यावर त्याच्या निम्मे. पूर्ण दाबल्यावर पहिला ४ व्होल्टच्या जवळ, दुसरा २ च्या जवळ. हे प्रमाण बिघडलं की ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, पेडलवर भरवसा ठेवत नाही आणि गाडी लिंप मोडमध्ये टाकतो, म्हणजे ताकद अगदी कमी करून ठेवतो.

डबा बसतो तो पेडल आणि ईसीयू यांच्या मधोमध. पेडलने ३० टक्के म्हटलं की डबा दोन्ही सिग्नल योग्य प्रमाणात वाढवून ईसीयूला ५० टक्के सांगतो. ईसीयूला वाटतं, चालकानेच तेवढा पाय दिलाय. बास, एवढंच त्याचं काम. इंधनाचं प्रमाण, टर्बोचं बूस्ट (तो इंजिनात कोंबतो त्या हवेचा दाब), इग्निशन यातलं काहीही तो बदलत नाही. ते बदलणारा ट्युनिंग बॉक्स वेगळा आणि ईसीयूचा रीमॅप (त्याच्या आतला प्रोग्रामच बदलणं) आणखी वेगळा. दुकानात हे तिन्ही ‘पिकअप वाढवणारा बॉक्स’ याच नावाने विकले जातात, म्हणून बिल करण्याआधी आपण यातलं काय घेतोय ते स्पष्ट विचारा.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर माझ्याकडे एक सोपी रीत आहे. सुताराकडून लाकडाची एक ठोकळी करून घेतलीय, जाडीने दोन बोटं. ती पेडलच्या मागे फ्लोअरवर ठेवली की पेडल दर वेळी बरोबर त्याच जागी टेकून थांबतं. इंजिन बंद, इग्निशन ऑन, ओबीडी सॉकेटला (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला) स्कॅनर. आता डब्याचा एकेक मोड बदलत जायचं. पाय तिथेच आहे, ठोकळी तिथेच आहे, आणि स्क्रीनवरचा पेडलचा आकडा मात्र चढत जातो. मग ठोकळी काढून पेडल तळापर्यंत दाबायचं. सगळ्या मोडला शेवटचा आकडा एकच येतो. किती गिऱ्हाइकांना मी हे शेजारी बसवून दाखवलंय. पूर्ण पाय दिला की डबा असला काय आणि नसला काय, सारखंच. इंजिनची ताकद एका घोड्यानेही वाढत नाही. वाढते ती पेडलच्या पहिल्या निम्म्या प्रवासातली मागणी.

स्कॅनरवर एक गोष्ट बघून पुष्कळ जण दचकतात, म्हणून सांगतो. पाय सोडलेला असतानाही पेडल १४-१५ टक्के दिसतं. तो बिघाड नव्हे. ०.७५ व्होल्टला ५ ने भागा, १५ टक्केच येतात. तसंच पूर्ण दाबल्यावर १०० न दिसता ७८-८० दिसले तरी बरोबर.

आता खरा मुद्दा. तुम्ही पाय दिल्यापासून गाडी उठेपर्यंत वेळ एकाच ठिकाणी जात नाही. आधी ईसीयूतला पेडलचा नकाशा, म्हणजे किती दाबल्यावर किती ताकद द्यायची याचं कोष्टक. कंपनीने ते सुरुवातीला मुद्दाम मवाळ ठेवलेलं असतं. मग ईसीयूतलाच दुसरा भाग, जो मागणी एकदम सोडत नाही, चढती करत सोडतो, म्हणजे एक्सल आणि माउंटिंगना हिसका बसू नये. मग बटरफ्लाय, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, फिरवणारी मोटर. तिला पूर्ण उघडायला सेकंदाचा दहावा भाग लागतो, म्हणजे नगण्य. मग टर्बो. एक्झॉस्टची ताकद येऊन तो फिरायला लागेपर्यंतचा वेळ मोठा असतो. आणि ऑटोमॅटिक असेल तर शेवटी गिअरबॉक्स, ज्याला खालचा गिअर शोधायचा असतो.

या पाचांपैकी डबा हात लावतो फक्त पहिल्याला. बाकी चारही ईसीयूच्या आत किंवा पलीकडे आहेत आणि डबा अलीकडे. म्हणून एकाच डब्याबद्दल एक माणूस म्हणतो ‘गाडी बदलली’ आणि दुसरा म्हणतो ‘पैसे गेले’. दोघंही खरंच सांगत असतात. एकाची गाडी पहिल्या ठिकाणी अडत होती, दुसऱ्याची चौथ्या.

कंपनी नकाशा मवाळ का ठेवते, हा प्रश्न तुमच्याही मनात असेल. ‘एव्हरेजसाठी’ हे उत्तर अर्धं बरोबर आहे. एकदम पाय दिल्यावर पेट्रोल इंजिनात मिश्रण क्षणभर बिघडतं, डिझेलमध्ये हवा पोहोचायच्या आत इंधन जास्त पडलं तर धूर होतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आणि १ एप्रिल २०२३ पासून त्याचा दुसरा टप्पा आला, त्यात गाडी प्रत्यक्ष रस्त्यावर चालवून उत्सर्जन मोजतात. मग हे धक्के गुळगुळीत करणं कंपनीला भागच आहे. शिवाय तीच गाडी अठरा वर्षांची मुलगी शिकायला घेणार, आजोबा सोसायटीच्या बेसमेंटमधून काढणार, पावसात निसरड्या घाटात कोणीतरी पुढच्या चाकांवर जोर देणार. सगळ्यांना सांभाळणारं कोष्टक मवाळच असायचं.

तर तुमची गाडी कुठे अडते? ही चाचणी फुकट आहे. मोकळा, सरळ रस्ता बघा, मागे-पुढे वाहन नको. ३० च्या वेगात स्थिर चाला आणि नेहमीच्या सवयीने अर्धा पाय द्या. कसं वाटतं ते लक्षात ठेवा. पुन्हा ३० ला या आणि आता एका दमात पाऊण पेडल द्या. दुसऱ्या वेळी गाडी लगेच उठली, तर अडचण नकाशात आहे आणि डब्याचा तुम्हाला उपयोग आहे. दुसऱ्या वेळीही तेवढीच वाट बघावी लागली, तर अडचण टर्बोत किंवा गिअरबॉक्सात आहे आणि डबा ती सोडवणार नाही. आता तिसरी फेरी. लिव्हर मॅन्युअलला घेऊन दुसरा गिअर धरा, आरपीएम २५०० वर आणा आणि मग पाय द्या. इथे गाडी ताबडतोब उठली तर इंजिन निरोगी आहे, वेळ जातोय तो टर्बो फिरण्यात आणि गिअर खाली येण्यात.

लहान टर्बो इंजिनांचा स्वभाव आकड्यांतच दिसतो. फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.० टीएसआय इंजिनाचा १७८ न्यूटन-मीटर टॉर्क (चाक फिरवणारा जोर) १७५० ते ४५०० आरपीएममध्ये मिळतो. १३०० वर गाडी रेंगाळत असताना तुम्ही पाय दिला तर तो टॉर्क तिथे नाहीच, आणि डबा तो कुठून आणणार? ह्युंदाई-किआच्या १.५ लिटर डिझेलला २५० न्यूटन-मीटर १५०० ते २७५० मध्ये आहे. भावाला हा आकडा मुद्दाम सांगा, त्याच्याकडे मी पुढे येतोच.

आधी तुमची ऑटोमॅटिक. इथे डब्याचा एक परिणाम होतो तो विकणारा सहसा सांगत नाही. गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर गिअर कधी बदलायचा हे पेडल आणि वेग बघून ठरवतो, आणि पेडलचा आकडा त्याला ईसीयूकडूनच मिळतो. म्हणजे डब्याने फुगवलेला. त्यामुळे तुम्ही हलक्या पायाने चालवत असलात तरी गिअरबॉक्सला वाटतं तुम्हाला घाई आहे. वरचा गिअर उशिरा पडतो, खालचा लवकर पडतो, आणि जिथे गाडी आधी चौथ्यात निवांत चालायची तिथे तिसऱ्यात घोंघावत राहते. घाटात ओव्हरटेकला हे बरं वाटतं. कॉलेज रोडवरच्या गर्दीत ते त्रासदायक आहे आणि एव्हरेजमधून त्याचे पैसे जातात. तिखट मोड लावून महिनाभराने ‘एव्हरेज पडलं’ म्हणून परत आलेले बरेच जण असतात. पाय आणि मोड यांचं गणित जुळलं की ते बरंचसं सावरतं.

टॉर्क कन्व्हर्टर मात्र या डब्याला सगळ्यांत जास्त मानवतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असतं, त्यामुळे वाढलेली मागणी तो झेलतो, गाडी सुटताना घासून जाईल असा क्लच मध्ये नसतो. माझं एक गिऱ्हाईक डॉक्टर आहेत, दर आठवड्याला पसरणी घाट चढून पाचगणीला जातात. त्यांच्या टॉर्क कन्व्हर्टर डिझेलला मी डबा बसवला, वरून दुसऱ्या मोडवर ठेवला नाही, खालून दुसऱ्या मोडवर ठेवला. चार वर्षं झाली, तक्रार नाही. ते सांगतात की वळणातून बाहेर पडताना आता पाय दोनदा द्यावा लागत नाही. मला वाटतं, याहून नेमकं वर्णन मी करू शकणार नाही.

सीव्हीटीला, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकला, डबा बसवला तर आरपीएम झटकन वर जातात, आवाज वाढतो आणि गाडी त्या मानाने मागून येते. आवाजामुळे वेग वाढल्यासारखं वाटतं, स्टॉपवॉच तसं म्हणत नाही. फारसा अर्थ नाही.

एएमटीला, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सचाच क्लच आणि गिअर यंत्राने चालवणाऱ्या ऑटोमॅटिकला, बसवू नका. २०१४ च्या सेलेरिओपासून या गाड्या आपल्याकडे भरपूर झाल्या आणि गिअर बदलताना मान पुढे जाते ही तक्रार घेऊन लोक डबा मागतात. तो धक्का येतो कारण गिअरबॉक्स क्लच सोडतो, गिअर काढतो, दुसरा घालतो, क्लच पुन्हा धरतो, आणि तेवढा वेळ इंजिनची ताकद मुद्दाम काढून घेतली जाते. तेव्हा तुमचा पाय कुठे आहे याला किंमतच नसते. उलट तिखट मोडमुळे गिअर जास्त आरपीएमला बदलतो आणि मान आणखी जोरात पुढे जाते. एएमटीला उपाय पायात आहे. गिअर बदलतोय असं वाटलं की पाय किंचित सैल करायचा. डबा लावल्यावर हे ‘किंचित’ साधणं अवघड होऊन बसतं.

कोरड्या (तेलात न बुडलेल्या) क्लचच्या ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक, गाड्यांबद्दल मी सगळ्यांत आग्रहाने नको म्हणतो. गर्दीत गाडी सरपटत असते तेव्हा क्लच अर्धवट लागलेला असतो, म्हणजे आपण मॅन्युअलला ज्याला हाफ क्लच म्हणतो तेच. त्या वेळी डबा ईसीयूकडे जास्त ताकद मागतो आणि ती सगळी क्लचच्या प्लेटवर उष्णता होऊन निघते. हिंजवडीला रोज जाणाऱ्या एका मुलाने अशा गाडीला बाहेरून डबा बसवून घेतला होता. काही आठवड्यांनी तो आला, ‘संध्याकाळी घरी पोहोचलो की जळका वास येतो.’ स्कॅनरवर क्लचचं तापमान बघत त्याच्याबरोबर मी स्वतः संध्याकाळच्या गर्दीत गेलो. डबा चालू असताना आकडा चढत राहिला, बंद करून तेच अंतर गेलो तर बराच खाली राहिला. डबा तिथेच काढला. क्लच वाचला, याचं मला आजही समाधान आहे, कारण त्या क्लचचा खर्च त्या मुलाच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढा झाला असता.

आता मॅन्युअल. भावाला माझं उत्तर ‘नको’ असं आहे आणि कारण साधं आहे. मॅन्युअलमध्ये गाडी कुठल्या आरपीएमला चालवायची हे त्याच्या हातात आहे. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये गाडी उठत नाही म्हणतो, तेव्हा आरपीएम किती असतो हे त्याला बघायला सांगा. माझ्याकडे येणाऱ्या अशा तक्रारींत गाडी बहुतेक वेळा चौथ्या गिअरमध्ये ताशी ३५ ला, १२०० आरपीएमच्या आसपास असते. तिथे टर्बो झोपलेला आहे. डब्याने मागणी दुप्पट केली तरी ईसीयू धुराच्या भीतीने इंधन रोखूनच धरणार. एक गिअर खाली घेतला की डबा जे कधीच देऊ शकला नसता ते अर्ध्या सेकंदात मिळतं.

शिवाय मॅन्युअलला तिखट पेडलचा त्रास पहिल्या गिअरमध्ये होतो. क्लच सोडताना पायाला सवयीने जेवढं दाबायचं ठाऊक असतं तेवढ्यात इंजिन ओरडतं, मग पाय सैल होतो, गाडी गचका खाते, पुन्हा पाय पडतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर तर पाय आपोआप हलतो. कोकणात आतल्या गावाकडे जाणारा रस्ता आठवा. खड्ड्यात गाडी आपटली की पाय पेडलवर आपटतो आणि तो धक्का डबा मोठा करून इंजिनला देतो, गाडी उड्या मारायला लागते. अशा रस्त्यांसाठी बऱ्याच डब्यांत मूळपेक्षाही मवाळ असा इको मोड असतो. खरं सांगायचं तर मॅन्युअल गाड्यांत मला त्या एकाच मोडचा मनापासून उपयोग दिसलाय, विशेषतः घरात कोणी नवीन शिकत असेल तर. काही जण विचारतात की गिअर बदलताना क्लच दाबल्यावर आरपीएम लटकून राहतो ते डब्याने जाईल का. नाही जाणार. ते ईसीयू उत्सर्जनासाठी मुद्दाम करतो, आणि त्या वेळी तुम्ही पाय सोडलेलाच असतो.

डबा घ्यायचा ठरला तरी त्याआधी मी काही गोष्टी बघतोच, आणि त्यांत सगळ्यांत वरती आहे पायाखालची मॅट. सध्या सगळ्यांना जाड, रजईसारखी शिवलेली सेव्हन-डी मॅटिंग हवी असते. ती पेडलच्या मागे वर येते आणि पेडल तळाला पोहोचतच नाही. स्कॅनर लावून पेडल पूर्ण दाबायला सांगा. मॅट काढल्यावर जो आकडा येतो तो मॅट असताना येत नसेल, तर तुमच्या गाडीची ताकद मॅटने खाल्लीय. ऑटोमॅटिकला पेडलच्या अगदी शेवटी किकडाउन असतं, तिथे पाय पोहोचला की गिअरबॉक्स सगळ्यांत खालचा शक्य गिअर देतो. मॅट आड आली की ते किकडाउन कधी लागतच नाही, आणि घाटात ओव्हरटेकला गाडी अडते ती नेमकी यामुळे. दोन-तीन वेळा मी नुसती कातरीने मॅट पेडलच्या मागे चार बोटं कापलीय आणि गिऱ्हाईक डबा न घेता घरी गेलंय.

मॅट ही सुरक्षेचीही गोष्ट आहे. अमेरिकेत टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात म्हणून २००९-१० मध्ये मोठा गदारोळ झाला. तिथल्या रस्ता सुरक्षा खात्याने नासाच्या इंजिनिअरांकडून इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल तपासून घेतला. फेब्रुवारी २०११ च्या अहवालात असे अपघात घडवेल असा इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नसल्याचं आलं. यांत्रिक कारणं दोनच पुढे आली होती: अडकून राहणारं पेडल आणि पेडलवर चढणारी मॅट.

दुसरं, टायर. भावाने किंवा तुम्ही टायर मोठे केलेत का? १८५/६५ आर१५ च्या जागी २०५/६५ आर१५ घातले तर चाकाचा व्यास ४ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे प्रत्येक गिअर तेवढा लांब झाला आणि गाडी तेवढी जड. पेट्रोलला थ्रॉटल बॉडीवर (बटरफ्लाय बसते त्या भागावर) साचलेली काळी पुटं काढून अॅडाप्टेशन, म्हणजे ईसीयूला तिची नवी जागा शिकवणं, करून घ्या. एअर फिल्टर तर स्वतः उघडून बघता येतो. ऑटोमॅटिकच्या लिव्हरला ‘एस’ (स्पोर्ट) असेल किंवा गाडीत ड्राइव्ह मोड असतील, जसे नेक्सॉनला इको-सिटी-स्पोर्ट किंवा इनोव्हा क्रिस्टाला इको आणि पॉवर, तर आठवडाभर तिखट मोडवर चालवून बघा. डबा बाहेरून जे करतो तेच कंपनीने आतून दिलेलं असतं, आणि आतून दिलेलं गिअरबॉक्सशी नीट जुळवलेलं असतं.

बसवताना काय सांभाळायचं ते मी जरा विस्ताराने सांगतो, कारण इथली चूक जिवावर बेतू शकते. दोन वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटाच्या चढात थांबलं आणि मला फोन आला. चेक इंजिन लाइट लागलेला, पाय कितीही दिला तरी आरपीएम हलत नाही, मागे ट्रकची रांग. त्याने ऑनलाइन मागवलेला स्वस्तातला डबा घरीच बसवला होता. मी त्याला हॅझर्ड लावून कडेला घ्यायला सांगितलं, इग्निशन बंद, डबा काढ, गाडीचे मूळ दोन कपलर एकमेकांत टक आवाज येईपर्यंत बसव, दहा मिनिटं थांब, मग चालू कर. गाडी चालली. परत आल्यावर स्कॅनरला पी २१३८ मिळाला, म्हणजे पेडलच्या दोन सिग्नलचा मेळ बसत नाही. डब्याच्या कपलरमध्ये भिंगाने बघितलं तर एका पिनेचं तोंड फाकलेलं होतं. चढावर गाडी हादरली की संपर्क सुटायचा. ईसीयूने आपलं काम चोख केलं म्हणून गाडी नुसती थांबली.

म्हणून डबा तुमच्या मॉडेलच्या नेमक्या कपलरचाच घ्या, ‘थोडा दाबला की बसतो’ असं कोणी म्हणालं तर उठून या. बसवण्याआधी इग्निशन बंद करून, चावी गाडीपासून लांब ठेवून दहा-पंधरा मिनिटं थांबा, ईसीयू पूर्ण झोपायला हवा. कपलरला छोटं कुलूप असतं, ते आधी सोडवा, ओढाताण करू नका. डबा आणि वायर प्लास्टिकच्या पट्ट्यांनी वरच्या ब्रॅकेटला पक्क्या बांधा. नुसत्या दुहेरी चिकटपट्टीवर चिकटवलेला डबा उन्हात सुटून ब्रेक पेडलखाली पडू शकतो, हे मी गॅरेजमध्ये उघड्या डोळ्यांनी पाहिलंय. मग इंजिन चालू न करता इग्निशन ऑन करून पेडल सात-आठ वेळा सावकाश तळापर्यंत दाबा, स्कॅनरवर एकही कोड नको, सोडल्यावर आकडा मूळ जागी यायला हवा. पहिले दोन दिवस सगळ्यांत खालच्या मोडवर चालवा. पार्किंगमध्ये, उतारावर रिव्हर्स घेताना, आणि पावसात मोड बंद ठेवा. गाडी दुसऱ्याच्या हातात देताना तर नक्कीच, कारण त्याच्या पायाला हे ठाऊक नसतं. गाडी वॉरंटीत असेल तर डीलरला आधी विचारा. इलेक्ट्रिकल भागाचा क्लेम मध्ये जोडलेल्या वायरीकडे बोट दाखवून नाकारला जाऊ शकतो, आणि सर्व्हिसला जाताना काढून ठेवला तरी त्याने पाडलेले कोड ईसीयूत राहतात.

तुमच्यासाठी म्हणून क्रम असा ठेवा: आधी मॅट, मग तीन फेऱ्यांची चाचणी, मग ‘एस’ मोडवर एक आठवडा. पाऊण पेडलला गाडी लगेच उठते आणि तरीही रोज तेवढा पाय देणं जिवावर येतं, असं झालं तर चांगला डबा घ्या आणि खालून दुसऱ्या मोडच्या वर जाऊ नका. टॉर्क कन्व्हर्टर आहे, तो झेलेल.

भावाने तेच पैसे स्कॅनिंगवर आणि गरज पडली तर टर्बोच्या हवेच्या पाइपवर घालावेत. गिअर खाली घेऊन, १८०० च्या वर आरपीएम ठेवूनही त्याची डिझेल ओढत नसेल तर बिघाड पेडलमध्ये नाही. तिसऱ्या गिअरमध्ये १५०० पासून पूर्ण पाय देऊन ३००० पर्यंत जायचं, आणि शेजारी बसलेल्याने स्कॅनरवर मागितलेलं बूस्ट आणि मिळालेलं बूस्ट हे दोन आकडे रेकॉर्ड करायचे. दोन रेषा बरोबरीने चढल्या तर क्लच घसरतोय का ते बघा, आरपीएम वाढतो आणि वेग वाढत नाही यावरून लगेच कळतं. मिळालेल्या बूस्टची रेषा मागे पडली तर इंटरकूलरचे (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीचे) रबरी पाइप काढून आतून हात फिरवा. क्लॅम्पपाशी बोटाला तेलकट चीर लागते.